बंधुसंघांचे गुपित: बंद दारामागे नेमके काय होते?

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती आपल्या भागातल्या बहुतेकांनी पाहिलेली असते. छतातले दगडी कमळ पाहून लोक परततात. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने इथे जैन मंदिर उभारले. त्या मंदिराच्या दानाचा १२०४ सालचा शिलालेख मात्र आता किल्ल्यात नाही, तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात राजाची स्तुती आहे, दान दिलेल्या जमिनी आहेत आणि सहसा कुणी थांबून वाचत नाही अशी एक यादीही आहे. ही यादी वेणुग्रामच्या, म्हणजे आजच्या बेळगावच्या, बाजारातल्या व्यापारी संघांची. कुंडी तीन हजार प्रांतातला मुम्मुरीदंड हा व्यापारी संघ, लाट म्हणजे गुजरातकडचे व्यापारी, मलयाळ देशाचे व्यापारी. बाजारात येणाऱ्या मालातून मंदिराला किती हिस्सा द्यायचा, हे या मंडळींनी मिळून ठरवले होते.

आठशे वर्षांपूर्वी केरळचा माणूस बेळगावात येऊन अनोळखी माणसाला उधारीवर माल देत होता, तो कुणाच्या भरवशावर? पोलीस नाही, बँक नाही, ओळखपत्र नाही. जुन्या बंधुसंघांचा, म्हणजे एकमेकांना भाऊ मानून बांधल्या गेलेल्या मंडळांचा, सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. त्यांच्या शपथा, खुणा, परवलीचे शब्द आणि बंद दारे यांच्याबद्दल पुष्कळ गूढ कथा पसरल्या आहेत. पण कागदपत्रे वाचत गेले की बहुतेक गुपिते दाराशी संपतात. आतला माणूस कोण आणि बाहेरचा कोण, हे ओळखण्यासाठी ती होती. आत मुख्यतः तीन गोष्टी चालत: धंद्याचे नियम, अडल्यानडल्याला मदत आणि मेल्यानंतरची सोय.

आपल्याकडचा सर्वांत मोठा संघ म्हणजे अय्यावोळे पाचशे. अय्यावोळे म्हणजे बागलकोट जिल्ह्यातले ऐहोळे, बदामीला जाताना आपण जिथे थांबतो तेच. या संघाचे व्यापारी स्वतःला ‘पाचशे स्वामी’ म्हणवत आणि आपल्या आचारसंहितेला वीर-बणंजु धर्म. त्यांच्या प्रशस्तीत अठरा पट्टणे, बत्तीस वेळापुरे आणि चौसष्ट घटिकास्थाने अशी ठिकाणांची गणती येते. चेर, चोळ, पांड्य, मगध, सौराष्ट्र अशी देशांची यादी येते. हत्ती, घोडे, नीलमणी, मोती, वेलची, लवंग, चंदन, कापूर, कस्तुरी अशी मालाचीही येते. सुमात्रा बेटावर बरूसजवळ १०८८ सालचा एक तमिळ शिलालेख सापडला, त्यात या पाचशेंच्या तमिळ शाखेचे नाव आहे. माल वाटेत लुटला जाऊ नये म्हणून संघाचे स्वतःचे हत्यारबंद रक्षक असत.

या संघाने आपले काहीही लपवले नाही. उलट बिरुदे, देणग्या, नियम सगळे दगडात कोरून भर बाजारात उभे केले. त्यांची सुरक्षितता नावाच्या गाजावाज्यात होती. पाचशेंच्या माणसाला फसवले तर पुढच्या अठरा पेठांत आपल्याला कुणी माल देणार नाही, ही धास्ती पुरेशी होती. युरोपातल्या गवंड्यांवर नेमकी उलटी वेळ आली.

गवंड्यांचा शब्द

आपल्या भागातल्या देगावच्या कमलनारायण मंदिराच्या शिल्पकाराचे नाव आपल्याला ठाऊक आहे, तिप्पोज. कदंबांची राणी कमलादेवी हिने बाराव्या शतकात ते मंदिर बांधवले आणि कारागिराचे नावही टिकले. मध्ययुगीन युरोपातला दगडकाम करणारा गवंडी मात्र बहुधा निनावी राही. तो एका कॅथेड्रलचे काम संपले की दुसऱ्या गावी जाई. तिथे त्याला कोणी ओळखत नसे. तो पूर्ण शिकलेला कारागीर आहे की अर्धवट शिकून पळालेला, हे दगडाला छिन्नी लावेपर्यंत कळत नसे, आणि तोवर महागडा दगड वाया गेलेला असे. लेखी दाखला द्यावा तर वाचणार कोण? म्हणून दाखला डोक्यात ठेवायचा मार्ग निघाला. शिक्षण पुरे झालेल्यालाच एक शब्द आणि हात मिळवण्याची एक पद्धत सांगायची. नव्या गावी तो शब्द सांगता आला की काम मिळे.

या पद्धतीचे सर्वांत स्पष्ट कागद स्कॉटलंडमधले आहेत. सहाव्या जेम्स राजाचा बांधकाम-प्रमुख विल्यम शॉ याने १५९८ आणि १५९९ मध्ये गवंड्यांच्या लॉजसाठी, म्हणजे त्यांच्या स्थानिक मंडळांसाठी, नियम लिहून दिले. ते अगदी रोखठोक आहेत. उमेदवारी किमान ७ वर्षांची. ती संपल्यावर पूर्ण कारागीर म्हणून घेण्याआधी साधारणपणे आणखी ७ वर्षे. एका उस्तादाने आयुष्यात विशेष परवानगीशिवाय ३ हून अधिक उमेदवार घ्यायचे नाहीत, कारण हात वाढले की मजुरी पडते. परांची बांधताना निष्काळजीपणा करून कुणाला इजा झाली तर त्या उस्तादाला पुन्हा उस्ताद म्हणून काम नाही. आणि १५९९ च्या नियमांत एक वेगळेच कलम आहे. प्रत्येक कारागिराची आणि उमेदवाराची दरवर्षी स्मरणकलेची परीक्षा घ्यायची, जो नापास होईल त्याला दंड. सगळी विद्या पाठांतरावर चालायची, त्यामुळे हे कलम ओघानेच येते. एडिंबराच्या मेरीज चॅपल लॉजची इतिवृत्ते १५९९ पासून आजवर जपलेली आहेत.

१६९६ सालच्या एडिंबरातल्या एका हस्तलिखितात नव्या माणसाला आत घेण्याचा विधी येतो. त्यात शपथ आहे, शब्द आहे, आणि नवख्याला घाबरवण्यासाठी वेडीवाकडी तोंडे करण्याचाही उल्लेख आहे. प्राचीन इजिप्तची गूढ विद्या त्यात कुठेच नाही.

मग यात सरदार, वकील, डॉक्टर कसे शिरले? सतराव्या शतकात गवंड्यांच्या लॉजना वजनदार माणसांचा पाठिंबा हवा होता, आणि त्या माणसांना भूमिती, जुनी विद्या आणि मोकळी संगत यांचे आकर्षण होते. प्राचीन वस्तूंचा अभ्यासक एलियास ॲशमोल १६ ऑक्टोबर १६४६ रोजी वॉरिंग्टनला सभासद झाला, असे त्याच्याच रोजनिशीत आहे. पुढे २४ जून १७१७ रोजी लंडनच्या ‘गूज अँड ग्रिडायर्न’ या मद्यगृहात चार लॉज एकत्र आले आणि पहिले ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांचे मध्यवर्ती मंडळ, झाले, असे परंपरा सांगते. ही तारीख आपल्याला जेम्स अँडरसनने लिहिलेल्या लॉजच्या घटनेच्या, म्हणजे नियमावलीच्या, १७३८ च्या आवृत्तीतून मिळते, म्हणजे त्या प्रसंगानंतर वीस वर्षांनी. त्यामुळे काही अभ्यासक खरी स्थापना १७२१ ची धरतात. पहिली छापील घटना १७२३ ची, याबद्दल मात्र वाद नाही. तिने घालून दिलेला मोठा नियम असा की लॉजमध्ये धर्माचा आणि राजकारणाचा वाद आणायचा नाही. यादवी युद्धात बाप-मुलगे एकमेकांविरुद्ध उभे राहिलेल्या देशात या नियमाची किंमत फार होती.

खोलीत काय असते

अशा लॉजच्या सभासदांना फ्रीमेसन म्हणतात. फ्रीमेसन लॉजची खोली पूर्व-पश्चिम मानतात. मास्टर, म्हणजे लॉजचा प्रमुख, पूर्वेला बसतो, कारण सूर्य तिकडून उगवतो. त्याच्या खालचा सीनियर वॉर्डन पश्चिमेला, ज्युनियर वॉर्डन दक्षिणेला. उत्तरेला कोणाही प्रमुखाची जागा नसते. जमिनीवर काळ्या-पांढऱ्या चौकटी. निरोप पोचवायला दोन डीकन, दाराच्या आत एक पहारेकरी आणि दाराबाहेर नंगी तलवार घेतलेला दुसरा, ज्याला टायलर म्हणतात. याशिवाय चिटणीस, खजिनदार आणि मदतनिधी सांभाळणारा आल्मोनर. तिघे लॉज चालवतात, पाच जण ते धरतात, सात जण ते पूर्ण करतात, असे त्यांचे सूत्र आहे. सातांच्या खाली नव्या माणसाला दीक्षा देता येत नाही.

मधोमध किंवा मास्टरपुढे धर्मग्रंथ उघडून ठेवलेला असतो, त्यावर काटकोन म्हणजे गुण्या आणि कंपास. इथे एक बारकावा आहे. सभासद एकेक करून तीन पायऱ्या चढतो. पहिल्या पायरीच्या बैठकीत कंपासची दोन्ही टोके गुण्याखाली झाकलेली असतात. दुसऱ्या पायरीत एक टोक वर येते. तिसऱ्या पायरीत दोन्ही वर. जुन्या छायाचित्रात किंवा थडग्यावर ही खूण कोरलेली दिसली तर टोकांकडे पाहावे, बहुतेक वेळा ती तिसऱ्या पायरीची असते. छावणीच्या गावांतल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमींत अशा खुणा दिसतात.

हत्यारेही पायरीप्रमाणे बदलतात. इंग्रजी पद्धतीत पहिल्या पायरीला २४ इंची मोजपट्टी, हातोडी आणि छिन्नी. दुसऱ्या पायरीला गुण्या, पाणसळ आणि ओळंबा. तिसरीला दोरीची चकती, पेन्सिल आणि कंपास. दगड फोडणे, दगड बसवणे, नकाशा काढणे हा गवंड्याच्या कामाचाच क्रम आहे. प्रत्येक हत्याराला नीतीचा एकेक अर्थ दिलेला असतो. मोजपट्टीच्या चोवीस इंचांचे दिवसाचे चोवीस तास होतात, ते प्रार्थना, काम आणि गरजूंची मदत यांत वाटायचे.

आता दीक्षा. सभासदत्वासाठी एक सुचवणारा आणि एक अनुमोदक लागतो. मग गुप्त मतदान, पेटीत पांढरा किंवा काळा गोळा टाकून. लॉजच्या नियमाप्रमाणे एक, दोन किंवा तीन काळे गोळे पडले की अर्ज फेटाळला. या पद्धतीचा दोष उघड आहे. एखाद्याच्या मनातली जुनी अढी संपूर्ण लॉजच्या मताला भारी पडते, आणि मतदान गुप्त असल्याने कारण विचारता येत नाही. एतद्देशीय माणसांना दाराबाहेर ठेवायला पुढे हाच गोळा कामी आला.

निवडलेल्या माणसाच्या अंगावरचे सगळे धातू काढून घेतात, पैसे, अंगठी, घड्याळ, पट्ट्याची बकलसुद्धा. डोळ्यांवर पट्टी. उजवा हात, छातीची डावी बाजू आणि डावा गुडघा उघडा, उजव्या पायात ढिली सपाता. गळ्यात दोरीचा फास. दारातून आत येताना उघड्या छातीला कट्यारीचे टोक लावतात. विधीतच त्याचे कारण सांगितले जाते: घाईने पुढे धावला असता तर कट्यार लागली असती, घाबरून मागे पळाला असता तर फास आवळला असता. मग धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ, आणि पट्टी काढून प्रकाश. त्यानंतर खूण, हात मिळवण्याची पद्धत आणि शब्द सांगतात, आणि कोकराच्या कातड्याचा पांढरा एप्रन बांधतात.

हे सगळे ऐकायला भीतिदायक वाटते, पण विधीतला सर्वांत अर्थपूर्ण क्षण यानंतर येतो. नव्या सभासदाला ईशान्य कोपऱ्यात उभे करतात. इमारतीचा पहिला दगड त्या कोपऱ्यात बसवतात म्हणून. सगळ्यांसमोर त्याला गरिबांसाठी काहीतरी द्यायला सांगतात. तो खिसा चाचपतो. खिशात काही नसते, सगळे धातू दाराबाहेरच काढून घेतलेले असतात. तो ओशाळतो. तेव्हा त्याला सांगतात की हातात काही नसताना मागणाऱ्यासमोर उभे राहणे कसे असते ते लक्षात ठेव, आणि पुढे कधी अडचणीतला बंधू दारी आला तर हा क्षण आठव. धडा शब्दांत सांगण्याऐवजी माणसाला त्यातून जायला लावायचे, ही या विधीची ताकद. माझ्या मते हाच भाग गुप्त ठेवण्यासारखा होता, कारण आधी कळला तर त्याचा परिणाम जातो.

तिसऱ्या पायरीत नाटक आहे. सॉलोमन राजाचे मंदिर बांधणारा उस्ताद हायरम अबिफ याला तीन कारागीर गाठतात आणि उस्तादाचा शब्द मागतात. तो सांगत नाही, म्हणून त्याला मारतात. उमेदवाराला हायरमच्या जागी उभे करून झोपवतात आणि मग उठवतात. मूळ शब्द हायरमबरोबर गेला, म्हणून पर्यायी शब्द दिला जातो. म्हणजे आत शिरल्यावरही ‘खरे गुपित हरवले आहे’ एवढेच हाती येते.

शपथ मोडली तर गळा चिरण्याच्या भाषेतल्या शिक्षा जुन्या विधीत होत्या. त्या प्रत्यक्षात कधी द्यायच्या नव्हत्या. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १९८६ मध्ये त्या शपथेतून काढल्या. आणि हे सगळे तुम्हाआम्हाला कसे ठाऊक? १७३० साली लंडनमध्ये सॅम्युएल प्रिचर्ड याने तिन्ही पायऱ्यांचा विधी छापून विकला. तेव्हापासून हे गुपित दुकानात मिळते. ग्राहकांत स्वतः फ्रीमेसनही होते, त्यांना पाठांतराला छापील प्रत सोयीची पडे.

छावणीतून आपल्याकडे

आयर्लंडच्या ग्रँड लॉजने १७३२ मध्ये एका पायदळ पलटणीला फिरती सनद दिली. जिथे पलटण जाईल तिथे तिचे लॉज. पेटीत एप्रन, गुण्या, कंपास घालून ते छावणीमागून छावणी फिरले. भारतात कलकत्त्याला १७३० मध्ये, मुंबईला १७५८ मध्ये लॉज आले. रात्री दारे लावून बसणाऱ्या साहेबांच्या या घराला उत्तरेत लोक ‘जादूघर’ म्हणू लागले. बाहेरून फक्त तलवारवाला दिसायचा, त्यामुळे आत मुंडकी तोडतात अशा वावड्या उठणे साहजिकच होते. १८१८ नंतर बेळगावलाही इंग्रजांची छावणी पडली, आणि पलटणींबरोबर त्यांच्या साऱ्या रीती या मुलखात आल्या.

‘सर्व माणसे समान पातळीवर’ असे म्हणणाऱ्या या संघाची खरी कसोटी भारतात लागली. मुंबईचे पारशी गृहस्थ माणेकजी करसेटजी यांना मुंबईच्या लॉजने नाकारले. ते पॅरिसला जाऊन दीक्षा घेऊन आले, तरी इथे दार उघडेना. अखेर स्कॉटिश शाखेचे प्रमुख जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने डिसेंबर १८४३ मध्ये मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज खास भारतीयांना प्रवेश मिळावा म्हणून निघाले. हिंदूंचा प्रश्न आणखी लांबला. अनेक देव मानणारा एका परमेश्वराची शपथ कशी घेणार, असा आक्षेप होता. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त यांना वर्षानुवर्षे झगडल्यावर १८७२ मध्ये ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये प्रवेश मिळाला. त्याच लॉजमध्ये १९ फेब्रुवारी १८८४ रोजी नरेंद्रनाथ दत्त नावाचा एकवीस वर्षांचा तरुण दाखल झाला. तेच पुढे स्वामी विवेकानंद म्हणून ऑक्टोबर १८९२ मध्ये बेळगावात भाटे वकिलांकडे आणि नंतर जंगल खात्याचे अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे राहिले होते.

शपथेसाठी बायबलच हवे हा आग्रह भारतात सुटला. हिंदू गीतेवर, मुसलमान कुराणावर, पारशी अवेस्तावर शपथ घेऊ लागले. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी भारताचे स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाले, पहिले ग्रँड मास्टर रामपूरचे नवाब रझा अली खान. आज भारतीय लॉजमध्ये पाच धर्मग्रंथ शेजारी शेजारी उघडलेले असतात: गीता, कुराण, बायबल, गुरुग्रंथसाहिब आणि अवेस्ता.

आजारपणाचा हिशेब

फ्रीमेसन मुख्यतः खाऊनपिऊन सुखी माणसांचे. गिरणी कामगार आणि सुतारांनी त्यांच्या खुणा, एप्रन, परवलीचे शब्द उचलले आणि त्यांना पोटाचा आशय दिला. ऑडफेलोज, फॉरेस्टर्स, ड्रुइड्स अशी नावे ऐकायला चमत्कारिक वाटतात, पण काम एकच: दर आठवड्याला थोडी वर्गणी, आजारी पडला तर ठरावीक पैसे, मेला तर अंत्यसंस्काराचा खर्च. ऑडफेलोजची मँचेस्टर युनिटी १८१० ची. गाव सोडून काम शोधायला निघालेला सभासद परवलीचा शब्द सांगून पुढच्या गावच्या लॉजमधून रात्रीची सोय मिळवू शके. शब्द ठरावीक काळाने बदलत, म्हणजे वर्गणी थकवणाऱ्याला नवा शब्द कळत नसे. परवलीचा शब्द म्हणजे वर्गणी भरल्याची पावती होती.

इथे गडबड हिशेबात झाली, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. आपली भिशी बिनधोक चालते, कारण ती संपते. २० जण, महिन्याला ५०० रुपये, दर महिन्याला एकाला १० हजार, वीस महिन्यांत प्रत्येकाची पाळी येऊन खाते बंद. आजारपणाचा निधी मात्र संपत नाही, आणि आजार सगळ्यांना सारखा येत नाही. उदाहरणादाखल आकडे धरू. १०० तरुण सभासद, महिन्याला १ रुपया, वर्षाचे १२०० रुपये जमा. तरुणपणी माणशी वर्षाला सरासरी १ आठवडा आजार आणि आठवड्याला ८ रुपये मदत धरली तर खर्च ८०० रुपये. ४०० शिल्लक. मंडळी म्हणतात निधी भरभरून आहे, आणि शिल्लक जेवणावळीत, मिरवणुकीच्या झेंड्यात आणि बिअरमध्ये जाते. तीस वर्षांनी तेच १०० जण माणशी ३ आठवडे आजारी पडू लागले की खर्च २४०० रुपये, जमा तेवढीच १२००. आता वर्गणी वाढवावी तर तरुण येत नाहीत. म्हाताऱ्यांचा बोजा उचलण्यापेक्षा ते शेजारी नवे लॉज काढतात. जुने बुडते, आणि तीस वर्षे वर्गणी भरलेला माणूस नेमका गरजेच्या वेळी उघड्यावर येतो.

या रोगावर औषध शोधणारा हेन्री रॅटक्लिफ हा मँचेस्टर युनिटीचाच चिटणीस. त्याने हजारो सभासदांच्या नोंदी तपासून कोणत्या वयात किती आजारपण येते याची कोष्टके १८५० मध्ये प्रसिद्ध केली. त्यावरून वयाप्रमाणे वर्गणी ठरवण्याची रीत आली. प्रवेशाचे वय जास्त, तर वर्गणी जास्त. पुढे १९११ च्या ब्रिटिश राष्ट्रीय विमा कायद्याने याच मंडळांना सरकारी आजारविम्याचे वाटप सोपवले.

शपथच अंगाशी आल्याचेही उदाहरण आहे. डॉर्सेटच्या टोलपडल गावातल्या सहा शेतमजुरांनी मजुरी आणखी घटू नये म्हणून संघटना काढली. नव्या सभासदाच्या डोळ्यांवर पट्टी, समोर सांगाड्याचे चित्र आणि गुप्ततेची शपथ, म्हणजे सगळे बंधुसंघांकडून उचललेले. संघटना काढणे तेव्हा गुन्हा नव्हता, पण गुप्त शपथ देणे १७९७ च्या एका कायद्याने गुन्हा होता. त्या एका कलमाखाली १८३४ मध्ये सहाही जणांना ७ वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा होऊन ऑस्ट्रेलियाला पाठवण्यात आले. देशभर ओरड झाल्यावर दोन वर्षांनी माफी मिळाली. कामगार संघटनांनी त्यानंतर डोळ्यांवरच्या पट्ट्या टाकून दिल्या.

इटलीत मात्र शपथ राजकारणात शिरली. कार्बोनारी म्हणजे कोळसा पाडणारे. या संघाने आपले विधी गवंड्यांऐवजी जंगलातल्या कोळसेवाल्यांच्या धंद्यावर बेतले, बैठकीच्या जागेला झोपडी आणि सभासदांना ‘भले चुलतभाऊ’ म्हटले. १८२० मध्ये नेपल्सला त्यांनी राजाला घटना द्यायला लावली. इटलीचा क्रांतिकारक मॅझिनी आधी कार्बोनारीत होता. १८३१ मध्ये त्याने ‘यंग इटली’ काढली आणि तिच्या धर्तीवर सावरकरांची ‘अभिनव भारत’ १९०४ मध्ये शपथेसह उभी राहिली.

सर्वसामान्य माणसाला आपल्या भागात वेगळी वाट मिळाली. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि १९०५ मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळ गावात सिद्धनगौडा पाटील यांनी पतसंस्था नोंदवली. देशातली ही अगदी सुरुवातीची सहकारी संस्था. परस्पर मदतीचे तेच काम, पण शब्दाऐवजी सभासद-नोंदवही, टायलरऐवजी निबंधक आणि शपथेऐवजी तपासलेला ताळेबंद.

खोट्या गोष्टी आणि खऱ्या

आता ज्या कथा सर्वांत जास्त फिरतात त्यांच्याकडे वळू. टेंपलर या धर्मयोद्ध्यांच्या पंथातल्या सरदारांना फ्रान्समध्ये १३ ऑक्टोबर १३०७ रोजी पकडले, १३१२ मध्ये त्यांचा पंथ बरखास्त झाला, शेवटचा प्रमुख १३१४ मध्ये जाळला गेला. फ्रीमेसनांशी त्यांचा संबंध जोडला गेला तो चारशे वर्षांनी, अठराव्या शतकात, सरदारी थाटाच्या नव्या पदव्या काढताना. मधल्या काळातला दुवा दाखवणारा कागद नाही. इल्युमिनाटी खरे होते. ॲडम वाइसहाउप्ट या प्राध्यापकाने १ मे १७७६ रोजी बव्हेरियातल्या इंगोलश्टाट येथे तो संघ काढला, आणि १७८४-८५ च्या सरकारी बंदीने तो मोडला. एकूण आयुष्य दहा वर्षांच्या आत. अमेरिकन डॉलरवरचा डोळा १७८२ च्या राजमुद्रेतला आहे. त्रिकोणातला देवाचा डोळा त्याआधीपासून ख्रिस्ती चित्रांत होता. फ्रीमेसन सैतानाची पूजा करतात ही गोष्ट मुख्यतः लेओ ताक्सील या फ्रेंच लेखकाने १८८५ पासून रचली, आणि १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमध्ये भर सभेत सगळे बनावट होते अशी कबुली दिली. कबुली देऊनही कथा थांबल्या नाहीत.

पण सगळेच धुतल्या तांदळासारखे नव्हते. अमेरिकेत १८२६ मध्ये विल्यम मॉर्गन हा माणूस विधी छापण्याच्या तयारीत असताना नाहीसा झाला. पळवणाऱ्यांना हलक्या शिक्षा झाल्या आणि त्या संतापातून एक फ्रीमेसनविरोधी पक्षच उभा राहिला. इटलीत मार्च १९८१ मध्ये लिचो जेल्ली याच्या जागेवर छापा पडला तेव्हा तो चालवत असलेल्या पी-टू लॉजची ९६२ नावांची यादी सापडली. मंत्री, सेनाधिकारी, गुप्तहेर खात्याचे प्रमुख, बँकवाले. सरकार पडले आणि १९८२ मध्ये गुप्त संघांविरुद्ध कायदा झाला. साध्या लॉजपेक्षा पी-टू वेगळे कुठे होते? तिथे सभासदांची यादी सभासदांनाही ठाऊक नव्हती, नेमाच्या बैठका नव्हत्या आणि सगळे धागे एका माणसाच्या हातात होते. ब्रिटनने १७९९ मध्येच ही मेख ओळखली होती. त्या वर्षीच्या कायद्याने गुप्त संघांवर बंदी आली, पण दरवर्षी सभासदांची यादी सरकारला देणाऱ्या फ्रीमेसन लॉजना सूट मिळाली. विधी गुप्त चालतो, यादी गुप्त चालत नाही. कोणत्याही संघाबद्दल शंका आली तर यादी, हिशेब आणि निवडणूक या तीन गोष्टी विचाराव्यात.

हल्ली मोबाइलवर ‘इल्युमिनाटीत सामील व्हा, गाडी-बंगला मिळवा’ असे निरोप येतात. त्यात आधी नोंदणी फी, मग एप्रनचे किंवा अंगठीचे पैसे, मग ‘अडकलेली रक्कम सोडवण्यासाठी’ कर, असा टप्प्याटप्प्याने पैसा काढतात. शेवटी छायाचित्रे आणि आधार कार्ड मागून धमकावणे सुरू होते. इल्युमिनाटी १७८५ मध्येच संपले, त्यामुळे त्यात सामील होण्याची जागाच नाही. खऱ्या लॉजमध्ये ओळखीचा सुचवणारा आणि अनुमोदक लागतो, प्रत्यक्ष भेट होते, मतदान होते आणि श्रीमंत करण्याचे आश्वासन कोणी देत नाही. पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नये. व्यवहाराचा क्रमांक आणि निरोपांचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत आणि लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते.